गोचीडजन्य रक्तस्रावी तापातील रक्तनिर्देशक

गोचिडीमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य रक्तस्रावी तापात रुग्ण सावरेल की खालावेल, याचा अंदाज ज्या रक्ततपासण्यांवरून बांधतात त्यांना रक्तनिर्देशक म्हणतात. भारतात असे दोन ताप महत्त्वाचे आहेत: काँगो ताप आणि माकडताप (क्यासनूर वनज्वर). मुंबईच्या डॉक्टरला निदान सुचते ते प्रवासाच्या माहितीवरून. काजूच्या हंगामात गावी जाऊन आलेला चाकरमानी असेल तर माकडताप आठवावा. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याची साथ आली होती. रुग्ण गुरे-बकऱ्या हाताळणारा किंवा खाटीक असेल तर काँगो ताप. त्याचे भारतातील पहिले निश्चित रुग्ण जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत आढळले.

‘पेशी किती आल्या?’, म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) किती, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. डेंग्यूने लावलेली ही सवय इथे अपुरी पडते. काँगो तापासाठी स्वानेपोएल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांवरून ठरवलेले निकष आजही वापरात आहेत. आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत मायक्रोलिटरमागे प्लेटलेट २०,००० किंवा कमी, पांढऱ्या पेशी १०,००० किंवा जास्त, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे एएसटी २०० किंवा एएलटी १५० युनिट वा जास्त, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ६० सेकंद किंवा जास्त, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) डेसिलिटरमागे ११० मिलिग्रॅम किंवा कमी, यांपैकी एक जरी आढळले तरी धोका गंभीर मानतात. पुढे तुर्कस्तानात या मर्यादा ओलांडलेले बरेच रुग्ण वाचले, म्हणून तिथे एएसटी ७०० व एएलटी ९०० अशा चढ्या मर्यादा सुचवल्या गेल्या. माकडतापाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. तो वेगळ्या कुळातल्या विषाणूचा आजार आहे.

पांढऱ्या पेशींचा निकष चकवणारा आहे. सुरुवातीला त्या बहुधा घटतात, त्यामुळे त्या वाढू लागल्या की ‘सुधारणा’ वाटते, पण पहिल्या पाच दिवसांतली वाढ वाईट खूण असू शकते. स्टेरॉइड दिले असेल किंवा जिवाणूसंसर्ग जडला असेल, तर मात्र तिचा अर्थ बदलतो. म्हणून प्रत्येक रिपोर्टवर तापाचा कितवा दिवस हे लिहिलेच पाहिजे. विषाणूचे रक्तातील प्रमाण मिलिलिटरमागे १० कोटी प्रतींच्या वर जाणे आणि आठवडा उलटत आला तरी प्रतिपिंडे न दिसणे, हीही वाईट लक्षणे. फेरिटिन व आयएल-६ ही दाह दाखवणारी प्रथिने वाढतात, पण ती इतर गंभीर संसर्गांतही वाढतात.

आकडे बिघडतात ते बरेचदा नमुना घेताना. गोठण्याच्या तपासणीसाठीच्या निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाच्या) एका भागास रक्ताचे नऊ भाग लागतात: ०.३ मिलिलिटरला २.७. नळी अर्धवट भरली तर एपीटीटी खोटाच लांबतो. ती पेशी मोजण्यासाठीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीच्या आधी भरावी. सुईतून जोराने ओढलेले रक्त फुटले की एएसटी वाढलेला दिसतो. जांभळ्या नळीत प्लेटलेटचे गुच्छ झाले तर यंत्र कमी मोजते. तेव्हा रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, किंवा सायट्रेटमध्ये पुन्हा मोजून उत्तराला १.१ ने गुणावे. प्लेटलेट चढवल्यानंतरचा आकडा अंदाजासाठी धरू नये. पीसीआरसाठी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी) हेपरिन या गोठणरोधकाची नळी टाळावी.

काँगो तापाचा संशय असेल तर प्रयोगशाळेला नमुन्याआधी फोन गेलाच पाहिजे: सेंट्रिफ्यूजच्या (नमुना वेगाने फिरवणाऱ्या यंत्राच्या) झाकणबंद बकेट, तिहेरी वेष्टन, आणि निश्चितीसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. २०११ मध्ये गुजरातेत रुग्णाची शुश्रूषा करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले होते.