मुद्दाम बंद पाडलेला सर्व्हर

शेकडो सर्व्हरवर विखुरलेल्या साठ्यात एखादा सर्व्हर बंद पडणं हे नेहमीचंच. तेव्हाही फाइली मिळतात का, हे एखादा सर्व्हर मुद्दाम पाडून तपासावं लागतं; इथे त्याच चाचणीबद्दल. ‘गूगल फाइल सिस्टिम’ या गूगलच्या साठवण यंत्रणेवरचा २००३ चा शोधनिबंध हेच गृहीत धरून लिहिलेला आहे. तिथे फाइलचे ६४ मेगाबाइटपर्यंतचे तुकडे करून प्रत्येकाच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवत. एक गेला तरी दोन उरणार, हे कागदावर दिसतंच. तरी अभियंत्यांनी सर्व्हर खरोखरच बंद पाडून पाहिले.

आधी एक पाडला. त्यावर सुमारे १५,००० तुकडे होते, एकूण ६०० गीगाबाइट. हरवलेल्या प्रती इतर सर्व्हरांवर पुन्हा तयार व्हायला २३.२ मिनिटं लागली, तीही वेगावर मुद्दाम लगाम ठेवून. नाहीतर दुरुस्तीच बाकीच्या कामांचा गळा आवळते. मग दोन सर्व्हर पाडले. आता २६६ तुकड्यांची एकेकच प्रत उरली. यंत्रणेने त्यांना रांगेत पुढे घेतलं आणि दोन मिनिटांच्या आत प्रत्येकाच्या निदान दोन प्रती झाल्या.

मला हा २६६ चा आकडाच खरा बोलका वाटतो. या तुकड्यांच्या फाइली तेव्हाही उघडल्या असत्या, वाचणाऱ्याला काही जाणवलंही नसतं. पण नेमकी उरलेली प्रत तेवढ्यात गेली असती, तर तो डेटा कायमचा गेला असता. म्हणून चाचणीत ‘फाइल उघडते का’ याच्याइतकंच ‘एका प्रतीवर ती किती वेळ काढते’ हेही मोजायला हवं. तीन मशीन आणि तीन प्रती अशा छोट्या मांडणीत तर हे मोजताच येत नाही. एक मशीन गेलं की नवी प्रत ठेवायला जागाच नसते. चौथं हवंच.

सर्व्हर कसा पाडता, यावरही निकाल बदलतो. ग्लस्टरएफएस या अशाच एका साठवण यंत्रणेत सर्व्हरवरची साठा सांभाळणारी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारली, तर जोडणी लगेच तुटते आणि वाचन दुसऱ्या प्रतीवरून चालू राहतं. नेटवर्कची केबल उपटली, तर पलीकडून निरोपच येत नाही. मूळ सेटिंगमध्ये क्लायंट, म्हणजे फाइल मागणारं मशीन, ४२ सेकंद वाट पाहतो आणि तोवर फाइल अडकून बसते. प्रती त्याच, यंत्रणाही तीच! सोयीची चाचणी करून ‘सगळं ठीक’ म्हणणारे बहुतेक जण प्रोसेसच मारतात, हा माझा संशय.

फोल्डरच्या यादीत नाव दिसलं, एवढ्यावरही विसंबू नये. अनेक यंत्रणांत ती यादी वेगळाच सर्व्हर देतो. फाइल शेवटच्या बाइटपर्यंत वाचून तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) आधीच्या चेकसमशी ताडून पाहावा, तोही कॅशे, म्हणजे आधी वाचलेल्याची तात्पुरती साठवण, रिकामा करून.

पाडलेला सर्व्हर परत आला की चाचणीचा दुसरा भाग सुरू होतो. तो बंद असताना फाइल बदललेली असेल, तर त्याच्याकडची प्रत शिळी असते. गूगलच्या यंत्रणेत प्रत्येक तुकड्याला आवृत्ती क्रमांक असे. मागे पडलेली प्रत त्यावरून ओळखून काढून टाकली जाई. म्हणून सर्व्हर बंद असतानाच फाइलमध्ये मुद्दाम बदल करावा आणि तो परतल्यावर वाचणाऱ्याला जुना मजकूर मिळतो की नवा, ते पाहावं.