ग्रिल आधी की सुतार आधी?

फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिला फोन बहुतेक आम्हालाच येतो. "घरात लहान मूल आहे, ग्रिल या आठवड्यात बसवून द्या." घाई समजते. पण आम्हाला एकच काम दोनदा करावं लागतं ते अशाच घरांत, आणि कारण जवळजवळ नेहमी तेच असतं: ग्रिल आधी बसलं, सुतार नंतर आला.

डोंबिवलीतल्या एका सातव्या मजल्यावरच्या घराची गोष्ट सांगतो. बाल्कनीला साडेतीन फुटांचं रेलिंग होतं. आजोबांनी स्वतः टेप लावून खात्री केली होती. दोन महिन्यांनी सुताराने त्याच रेलिंगला टेकवून दीड फूट उंचीची पेटी केली, आत खेळणी, वर गादी. दिसायला झकास. आजींचा फोन आला तेव्हा नातू त्या पेटीवर उभा राहून खालच्या वॉचमनला हाका मारत होता. साडेतीनातून दीड गेले, उरले दोन फूट. तीन वर्षांचं मूल साधारण तीन फुटांचं असतं. म्हणजे कठडा पोटाशी आला.

ते रेलिंग आम्ही वाढवून दिलं. पण बसलेल्या रेलिंगला वर जोड देणं म्हणजे घरात वेल्डिंगच्या ठिणग्या, नव्या टाइल्सवर गोणपाट, सोसायटीची परवानगी पुन्हा, आणि इतकं करून जोड दिसतो तो दिसतोच.

म्हणून उंची जमिनीपासून मोजू नका. मूल जिथे उभं राहू शकेल तिथून मोजा. पलंग, दिवाण, अभ्यासाचं टेबल, शू-रॅक, कुंड्यांचा स्टँड, उलटी बादलीसुद्धा. हलणाऱ्या वस्तूंचं आम्ही काही करू शकत नाही, त्या बाल्कनीतून आत घ्या. पण जे भिंतीला ठोकून बसणार आहे ते आधी ठरू द्या. काम पूर्ण झालेलं नसलं तरी चालेल, सुताराने कागदावर काढलेलं पुरे. आणि खिडकीला मच्छरजाळी आहे म्हणून थांबलात, असं करू नका. ती डासांसाठी असते, मुलाचा भार तिला पेलत नाही.

आता किलोची गोष्ट, कारण शंका येते हे चेहऱ्यावर दिसतं. आमचा दर वजनावर असतो आणि आम्हीच म्हणतो सळ्या जवळ जवळ घ्या, म्हणजे वजन वाढवतोय असं वाटणारच. हिशोब करून बघा. चार फूट रुंद, चार फूट उंच खिडकी, 10 मिलिमीटरची चौरस सळी. पाच इंचांचं अंतर ठेवलं तर आठ सळ्या लागतात. आम्ही साडेतीन इंचांच्या आत ठेवतो, तेव्हा बारा. एक सळी किलोला जरा कमी भरते. फरक जेमतेम चार किलोंचा. माझ्या पिशवीत चार इंचांचा लाकडी ठोकळा असतो. ग्रिल बसल्यावर तो तुमच्या हातात देतो, कुठूनही आरपार गेला तर ग्रिल परत नेतो. 'तुरुंगासारखं दिसेल' ही तक्रार रोज ऐकतो. सळ्यांना फिकट रंग द्या, महिन्याभरात त्या डोळ्यांना दिसेनाशा होतात.

बाल्कनीच्या रेलिंगला आडव्या पट्ट्यांचं डिझाइन सध्या फार मागतात. मूल असलेल्या घरात ते आम्ही करत नाही, कारण ती शिडी होते. खिडकीचं ग्रिल वरपर्यंत बंद असतं, तिथे मधली आडवी पट्टी लागतेच आणि ती चालते.

खिडकीच्या ग्रिलला एक माणूस बाहेर पडेल एवढं दार मात्र हवंच. चारशे-पाचशे वाचवायला लोक ते गाळतात, मग आग लागली तर बाहेर पडायची तीही वाट बंद. किल्ली त्याच खोलीत, मोठ्यांचा हात पोचेल अशा उंचीवर खिळ्याला लावा, कपाटात नको.

रंगाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. दात येणारं मूल खिडकीशी उभं राहिलं की ग्रिल चाटतं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नसावं असा 2016 चा नियम आहे आणि तसं डब्यावर छापलेलं असतं. आम्ही वर्कशॉपमधला उरलासुरला रंग वापरत नाही; शेवटच्या हाताचा डबा तुमच्यासमोर उघडतो. पावसाळ्यात दोन हातांमध्ये एक दिवस जास्त लागतो, तेवढा द्या. गणपतीच्या आत हवं असेल तर माप जुलैमध्येच घेऊन ठेवू.

माप आणि सल्ला यांचे पैसे नाहीत. फोनवर पाठवलेल्या मापावर काम घेत नाही, शेजारच्या फ्लॅटचं 'तेच माप'सुद्धा नाही. एकाच मजल्यावरच्या दोन खिडक्यांत आम्ही चार सूत, म्हणजे अर्धा इंच, फरक पाहिला आहे. सुतार ठरला नसेल तर आमच्या ओळखीचा आहे, दोघं एकाच दिवशी येऊन मापं घेऊ. येऊ तेव्हा पलंग कुठे येणार ते ठरवून ठेवा, नाहीतर निदान जमिनीवर खडूने आखून ठेवा.