खुर्ची वेगळी, चित्र वेगळं

दसऱ्याला दीक्षाभूमीबाहेरच्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी भाच्याने विचारलं, "मामा, बाबासाहेबांची जयंती यूएनमध्ये झाली ना? मग आपल्याला तिथे प्रतिनिधित्व मिळालंच की!" जयंती झाली हे खरं. २०१६ साली भारताच्या मिशनने ती न्यूयॉर्कच्या मुख्यालयात साजरी केली. पण त्याने दोन गोष्टींची गल्लत केली होती, आणि ही गल्लत भलेभले करतात.

इंग्रजीत दोन्हींना रिप्रेझेंटेशन म्हणतात. मराठीत प्रतिनिधित्व वेगळं, प्रतिमा वेगळी. प्रतिनिधी कुणाच्या तरी वतीने बोलतो, मत देतो. तो बदलताही येतो. यूएनमधली चीनची जागा १९७१ पर्यंत तैवानमधल्या सरकारकडे होती. २५ ऑक्टोबरला आमसभेने ठराव केला आणि ती बीजिंगकडे गेली.

प्रतिमेला मताचा अधिकार नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये यूएनच्या आवारात गांधीजींचा अर्धपुतळा बसला, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांनी घडवलेला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सुरक्षा परिषदेतली भारताची दोन वर्षांची मुदत संपली. पुतळा राहिला, खुर्ची गेली. पुतळ्याचा मला अभिमान आहे, पण त्याला खुर्चीची भरपाई मानणं मला पटत नाही.

म्हणून प्रतिमा बिनकामाची, असं मात्र समजू नये. सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर पिकासोच्या 'गेर्निका'ची विणलेली प्रत असायची: बॉम्बहल्ल्यात होरपळलेलं गाव, मेलेलं मूल कवटाळून आक्रोश करणारी आई. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकविरुद्ध बाजू मांडायला आले, तेव्हा ती निळ्या पडद्याने झाकलेली होती. टीव्ही कॅमेऱ्यांच्या सोयीसाठी, असं सांगितलं गेलं. युद्धाची भाषा करणाऱ्यांच्या पाठीमागे ती आई दिसली असती, तर पाहणाऱ्यांनी शब्द वेगळे ऐकले असते, असं मला वाटतं. राजकारणातलं सौंदर्यशास्त्र म्हणतात ते हेच: काय दाखवायचं, काय झाकायचं, कुणाला कोणत्या वेशात उभं करायचं.

आणि कधी कधी एकाच दालनात दोन्ही प्रश्न भिडतात. १९३१ ची लंडनची गोलमेज परिषद घ्या. गांधीजी पंचा नेसून राजवाड्यात गेले, ते रूप जगभर पोचलं. बाबासाहेब सुटाबुटात होते. पंचा सांगत होता, मी गरिबातला गरीब. सूट सांगत होता, या टेबलावर आम्हीही बरोबरीचे. पण खरा वाद वेशाचा नव्हता. अस्पृश्यांच्या वतीने बोलायचं कुणी? गांधीजी म्हणाले, त्यांचा प्रतिनिधी मीच. बाबासाहेबांनी ते अमान्य केलं. त्यांना निमंत्रण ब्रिटिश सरकारचं होतं, पण त्याआधी, ८ ऑगस्ट १९३० ला, याच नागपुरात दलितांचं अखिल भारतीय अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलं होतं. माणसं जमली होती, मागण्यांवर बोलली होती. कितीही हृदयस्पर्शी रूप असो, ते त्या अधिवेशनाची जागा घेऊ शकत नव्हतं.

भाच्याच्या हातात निळ्या कोटातल्या बाबासाहेबांचं पोस्टर होतं. ते त्याने घेतलंच. मी शेजारच्या स्टॉलवरून गोलमेज परिषदेतल्या भाषणांचा खंड शोधून त्याच्या पिशवीत टाकला.