लॅक्रॉसचं पॅड कापावं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. भाचा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅक्रॉसचे, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलून गोलात मारायच्या खेळाचे, नवेकोरे ग्लोव्ह्ज पालथे घालून बसला होता आणि तळव्याचं पातळ कातडं शिवणीच्या आतून, बोटांची खोळ शाबूत ठेवत, कात्रीने हळूहळू कापत होता. बहीण ओरडली तसा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, अरे काठी हाताला लागतच नाही यातून!" दुसऱ्या दिवशी कोचने ते ग्लोव्ह्ज घरी परत पाठवले. शाळेच्या सामन्यात तळवा कापलेले ग्लोव्ह्ज चालत नाहीत, खांद्याच्या पॅडला कात्री लावलेलीही चालत नाही. मुलाला ते अजिबात पटलं नाही. त्याला का पटलं नाही आणि नियम तरी असा का झाला, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागलं.

लॅक्रॉस हा मुळात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा खेळ. हौडेनोसौनी, म्हणजे फ्रेंचांनी ज्यांना इरोक्वाय म्हटलं ते लोक, याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही तो खेळला जाई. १६३०च्या दशकात ब्रेबफ नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने या खेळाबद्दल लिहून ठेवलं. तेव्हा पॅड नव्हतं, हेल्मेट नव्हतं. चेंडू लाकडाचा किंवा हरणाच्या कातड्यात केस भरून केलेला. काठी हिकरीच्या लाकडाची, टोकाला वाकवलेली आणि चामड्याच्या वाद्यांनी विणलेली. ही काठी ज्याची त्याची असे. माणूस गेला की त्याच्यासोबत त्याची काठी ठेवायची, ही रीत आजही सांगितली जाते. लॅक्रॉसच्या खेळाडूचं आपल्या साहित्याशी असलेलं नातं इथून सुरू होतं, आणि या वादात ते विसरून चालणार नाही.

१८६७ साली माँट्रियलमधले दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी खेळाचे नियम बांधले आणि कातड्याच्या जागी रबराचा चेंडू आणला. आजचा चेंडू भरीव रबराचा, साधारण १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा. आपल्या क्रिकेटच्या चेंडूहून थोडासाच हलका. पण क्रिकेटमध्ये फलंदाजाकडे येणारा चेंडू एका ठरलेल्या दिशेने येतो. इथे गोलसमोरच्या गर्दीत तो कुठूनही येतो, आणि समोरचा खेळाडू बऱ्याचदा पाठमोरा तरी असतो किंवा त्याचे हात वर असतात.

पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये अंगावर जाणं आणि प्रतिस्पर्ध्याच्या काठीवर, ग्लोव्ह्जवर काठी मारणं नियमात बसतं. म्हणून पॅड आलं ते या माराला उत्तर म्हणून. खांदा, गळपट्टीचं हाड, कोपर, मनगट जपायचं. छातीवर थोडा फोम असायचा, पण खांद्याच्या दोन बाजू जोडायला जेवढा लागतो तेवढाच. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळं प्रकरण याच जागेवर येऊन थांबतं.

मग काठी बदलली. जगाला लाकडी काठ्या पुरवणारा मोठा कारखाना अक्वेसास्ने इथल्या मोहॉक या आदिवासी राष्ट्राच्या वस्तीत, कॉर्नवॉल बेटावर होता. १९६८ साली तो जळाला. तो पुन्हा उभा राहिला, पण १९७०मध्ये बाल्टिमोरच्या एका कंपनीने प्लास्टिकच्या डोक्याच्या काठीचं पेटंट घेतलं आणि लाकडाचे दिवस भरले. हलकी काठी, एकसारखं डोकं, पुढे धातूचा दांडा. आज वरच्या पातळीवरचे फटके ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातात. पण एक गोष्ट टिकली: काठीची जाळी खेळाडू स्वतः विणतो. दोरी किती ताणायची, खळगा कुठे ठेवायचा, चेंडू सुटताना कुठे घासला पाहिजे, यावर पोरं तासन्‌तास बोलतात. रेफ्री सामन्यात काठी तपासतो. खळग्यात ठेवलेला चेंडू काठीच्या कडेखाली पूर्ण बुडाला तर ती काठी बेकायदेशीर. म्हणजे बदल करायला मुभा आहे, फक्त मापात राहायचं. अशा खेळात वाढलेल्या मुलाला कोणी सांगितलं की ग्लोव्ह्जला कात्री लावायची नाही, तर त्याला ते विचित्रच वाटणार.

अनेक वर्षं पॅडच्या बाबतीतही हेच चाललं. दंडाचे तुकडे काढून टाकायचे, छातीवरचा फोम सोलून पातळ करायचा, लहान भावाचं पॅड चढवायचं. खांदा मोकळा फिरला तर फटका जोरात बसतो, हे खरंच आहे. नियमपुस्तकात फेरफाराला बंदी होती, पण काठीच्या खळग्यासारखं पॅडचं काही मोजमाप नव्हतं. सामन्याआधी कोचने रेफ्रीला सांगायचं की माझ्या मुलांचं साहित्य नियमानुसार आहे, आणि जर्सीच्या आत काय आहे ते जर्सीलाच माहीत.

आता त्या छातीकडे येतो. २००० साली लाँग आयलंडवरच्या नॉर्थपोर्टचा १४ वर्षांचा एक गोलकीपर छातीवर चेंडू अडवून कोसळला आणि गेला. त्याने चेस्ट प्रोटेक्टर घातलेला होता. २००४च्या मार्चमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा शेवटच्या वर्षातला खेळाडू फटक्याच्या आड आला, चेंडू छातीवर लागला आणि तोही वाचला नाही. दोघांची हृदयं निरोगी होती. वैद्यकशास्त्रात याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक क्षण असा येतो, जेमतेम २० मिलिसेकंदांचा, की नेमका तेव्हा हृदयावर आघात झाला तर ठोक्यांची लय तुटते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. बरगडी मोडत नाही, वर जखम दिसत नाही. मार्क लिंक आणि बॅरी मॅरन या डॉक्टरांच्या गटाने १९९८मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिलं. पुढच्या प्रयोगांत सगळ्यात घातक वेग निघाला तो ताशी ६४ किलोमीटरच्या आसपासचा. हा काही व्यावसायिक खेळाडूचा फटका नव्हे, शाळकरी पोराचा आहे. आणि शाळकरी पोराच्या छातीचा पिंजरा अजून लवचिक असतो.

नॉर्थपोर्टच्या मुलाच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २००२मध्ये न्यूयॉर्क राज्यात शाळांमध्ये डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणणारं यंत्र, ठेवणं कायद्याने सक्तीचं झालं. त्या यंत्राने वाचलेली मुलं हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत समाधानाचा भाग आहे. पॅडचं काय? २००६ साली बाजारातल्या बेसबॉल आणि लॅक्रॉसच्या चेस्ट प्रोटेक्टरवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की या धोक्यापासून ते वाचवत नाहीत. तेव्हा पॅड कापणाऱ्या खेळाडूंचं एक म्हणणं बिनतोड होतं: जे मुळात हृदय वाचवत नाही, ते कापलं तर बिघडलं काय? मला वाटतं, त्या काळात त्यांना देण्याजोगं खरं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

उत्तर आलं २०१७मध्ये. नॉक्सी ही अमेरिकेतली खेळसाहित्याची मानकं ठरवणारी संस्था, १९६९ साली स्थापन झालेली. तिने कमोशिओ कॉर्डिससाठी पहिलंच मानक काढलं. छातीच्या यांत्रिक प्रतिकृतीवर पॅड चढवायचं, ठरलेल्या वेगाने चेंडू मारायचा आणि हृदयाच्या जागी किती बल पोचतं ते आतल्या सेन्सरने मोजायचं. १ जानेवारी २०२१पासून गोलकीपरना आणि १ जानेवारी २०२२पासून मुलांच्या लॅक्रॉसमधल्या बाकी खेळाडूंनाही या मानकाचं पॅड सक्तीचं झालं. पॅड दिसायला जुन्यासारखंच, पण काम पूर्ण वेगळं. पूर्वी ते काठीचा मार झेलायला होतं, आता हृदयावरचं बल पसरवायला आहे. पातळ कडक ताटली आणि तिच्यामागचे फोमचे थर मिळून ते काम करतात. त्यातला एक थर सोलला तर उरतं ते चाचणी न झालेलं पॅड. पॅडवरचा मानकाचा छाप तेवढा जागेवर राहतो.

बदल करायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याआधी हेल्मेटवरून एकदा पेटला होता. २०१३मध्ये नॉक्सीने स्पष्ट केलं की प्रमाणित हेल्मेटला बाहेरून काही जोडलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. मग नोव्हेंबर २०१४मध्ये एका अतिशय खपणाऱ्या लॅक्रॉस हेल्मेटचंच प्रमाणपत्र गेलं, तेही मोसम तोंडावर असताना. कंपनीने सुधारणा केली, ती पुन्हा तपासली गेली आणि मुलांनी आपली हेल्मेटं बदल करून घ्यायला पाठवली. याच महिन्यात सिडनीत फिलिप ह्यूजला मानेवर चेंडू लागला आणि क्रिकेटमध्येही हेल्मेटची चर्चा पेटली. आपल्याकडे मैदानात वाढलेल्यांना हेल्मेटची जाळी थोडी वर ओढून घ्यायची सवय आठवत असेल. चेंडू नीट दिसावा म्हणून. नव्या ब्रिटिश मानकात टोपी आणि जाळीमधल्या फटीतून चेंडू आत शिरतो का हे तपासतात, आणि २०१७पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात हेल्मेट घालायचं तर याच मानकाचं, असा आयसीसीचा नियम आहे.

मुलींच्या लॅक्रॉसमध्ये भांडण उलट बाजूने चाललं. तिथे अंगावर जायला बंदी, त्यामुळे पॅडच कमी. २००५मध्ये अमेरिकेत गॉगल सक्तीचे झाले तेव्हा खेळाचा आत्मा जाईल अशी ओरड झाली. डोळ्यांच्या दुखापती मात्र स्पष्टपणे घटल्या. फ्लोरिडाने २०१८च्या मोसमापासून शाळकरी मुलींना हेडगिअर सक्तीचं केलं, तेव्हा संरक्षण वाढलं की खेळ आडदांड होतो असा आक्षेप आला. नंतरच्या अभ्यासात, जिथे सक्ती नाही तिथेच डोक्याच्या दुखापतींचं प्रमाण जास्त निघालं. गोलकीपर सोडली तर मुलींच्या छातीवर आजही काही बंधनकारक नाही. चेंडू मात्र तितक्याच वजनाचा आहे, आणि मला हे खटकतं.

आता हा खेळ अधिक लोकांच्या डोळ्यांसमोर येणार आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटला २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेतलं त्याच ठरावात लॅक्रॉसही आलं, सहा-सहा जणांच्या छोट्या रूपात. १९०८च्या लंडननंतर पदकांसाठी पहिल्यांदाच.

माझं मत विचाराल तर दंडाचे तुकडे काढता यावेत, पट्टे हवे तसे बांधता यावेत, कोपराचं पॅड अंगाला बसेल तसं निवडता यावं. यात खेळाडूचा शब्द मानावा, त्याच्या अंगाला काय टोचतं ते त्यालाच कळतं. बऱ्याच कंपन्या आता दंडाचे तुकडे वेल्क्रोने निघतील असेच बनवतात, तो रस्ता योग्य आहे. हृदयावरच्या ताटलीला आणि तिच्यामागच्या फोमला मात्र कोणीही हात लावू नये. मुलाने नाही, कोचने नाही, मापात बसत नाही म्हणून शिवून देणाऱ्या आईनेही नाही.

मापाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. भाच्याने आपलं जुनं पॅड धाकट्या भावाला दिलं. न कापलेलं, शिक्क्यासकट. धाकट्याने ते चढवलं तेव्हा मी समोर होतो. ताटली पोटाच्या वरच्या घडीवर आली होती, आणि त्याने चेंडू झेलायला हात वर केले की ती उजवीकडे सरकायची. डावीकडे नुसती जर्सी. बहिणीने पट्टे आवळून पाहिले, उपयोग झाला नाही. त्याच संध्याकाळी जाऊन तिने त्याच्या मापाचं पॅड आणलं.