एक्स-रेत न दिसणारी हाडे आणि चिंचोक्यांचा खेळ

चार आणि सात वर्षांच्या मुलांच्या हातांचे एक्स-रे शेजारी ठेवून ‘बालवाडीतल्या मुलाच्या मनगटात हाडेच तयार झालेली नसतात, म्हणून त्याला लिहायला बसवू नका’ असे सांगणारा संदेश पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत अधूनमधून फिरत असतो. सल्ला बरा असला तरी त्याचे कारण चुकीचे आहे. मनगटातली आठही हाडे जन्मतः कूर्चेच्या रूपात हजर असतात आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, एवढेच. पहिली दोन हाडे जन्मानंतर काही महिन्यांतच दिसू लागतात, तर शेवटचे, वाटाण्याएवढे हाड साधारण नवव्या-दहाव्या वर्षी उमटते. त्याचीच वाट पाहायची तर चौथीपर्यंत पाटीला हात लावता येणार नाही.

लहान मुलांना लिहिण्यात येणारी खरी अडचण चेतासंस्थेत आहे, कारण बोटांनी किती जोर लावायचा हे तिला अजून नीट जमत नसते. पेला उचलताना आपण दोन बले वापरतो, एक चिमटीत दाबण्याचे आणि दुसरे वर उचलण्याचे. प्रौढांमध्ये ही दोन्ही बले एकदमच वाढतात आणि दाब, पेला निसटू नये यासाठी लागतो त्यापेक्षा जेमतेम जास्त ठेवला जातो. वजनाचा अंदाज मेंदू आधीच्या अनुभवावरून बांधतो. म्हणूनच भरलेला समजून रिकामा तांब्या उचलला की हात झटक्याने वर जातो. अंदाज चुकून वस्तू किंचित सरकलीच, तर बोटांच्या टोकांतले मायस्नर संवेदक ते टिपतात आणि सुमारे 70 मिलिसेकंदांत, आपल्याला कळण्याआधीच, चिमूट घट्ट होते. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाच्या रोलँड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी 1980च्या दशकात ही यंत्रणा उलगडली. तान्हे मूल मात्र वस्तू आधी खाली दाबते, मग गरजेपेक्षा जास्त आवळते आणि त्यानंतर उचलते. दुसऱ्या वर्षात ही बले एकत्र वाढू लागतात, पण अंदाज प्रौढांच्या जवळपास पोहोचायला सहा ते आठ वर्षांचे वय उजाडते.

हा अंदाज चुका होऊन आणि त्या सुधारूनच पक्का होतो. गुळगुळीत चिंचोके वाटीत टाकणे, मटार सोलणे, कणकेच्या गोळ्याला चिमटे काढून चिमणी करणे, मणी ओवणे यांत दर वेळी वजन, घसरडेपणा आणि मऊपणा बदलतो. टॅबलेटवर बोटाने अक्षर गिरवताना यातले काहीच बदलत नाही, कारण काच ना निसटते ना चेपते. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणाऱ्या वर्गांपेक्षा तर पावशेर मटार केव्हाही स्वस्त आणि खात्रीचे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मात्र चिंचोके आणि मणी देऊ नयेत, कारण ते नाकात जातात आणि घशात अडकतात.

लिहिण्याची वेळ येईल तेव्हा लांब पेन्सिलीऐवजी खडूचा बोटभरही नसलेला तुकडा द्यावा. तो मुठीत नीट धरता येत नसल्याने अंगठा आणि पहिली दोन बोटे आपोआप पुढे येतात.