रुग्णसुरक्षेवरचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू: प्रॉस्पेरोवर नोंदणी कशी करायची?

शस्त्रक्रियेआधी चेकलिस्ट वापरली तर मृत्यू कमी होतात का? जागतिक आरोग्य संघटनेच्या चेकलिस्टचा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर उतरले होते. २०१४ मध्ये कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. यातला सोयीचा तेवढा अभ्यास धरून रुग्णालयाचे नियम ठरवणे हा रुग्णांवर अन्याय आहे. त्यासाठी सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणारा रिव्ह्यू, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू हवा, आणि त्याची पद्धत आधीच जाहीर झालेली हवी.

ही पद्धत जाहीर करण्याची जागा म्हणजे प्रॉस्पेरो. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेली ही आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. कोणत्याही देशातून नोंदणी करता येते, शुल्क नाही.

पात्रता: रिव्ह्यूचा संबंध आरोग्यविषयक परिणामाशी असावा. स्कोपिंग रिव्ह्यू (विषयावर कोणते अभ्यास झाले आहेत एवढेच मांडणारा आढावा) किंवा साधा साहित्य-आढावा चालत नाही. सर्वांत कडक अट वेळेची: अभ्यासांतून आकडेवारी काढायला घेण्याआधी नोंदणी करा. निकाल पाहून प्रश्न बदलण्याचा मोह इथेच रोखला जातो.

कागदपत्रे: आधी लिखित प्रोटोकॉल, म्हणजे रिव्ह्यू कसा करणार याचा आराखडा, तयार ठेवा. त्यात काय काय असावे हे सांगणारी प्रिझ्मा-पी ही १७ मुद्द्यांची यादी फार उपयोगी पडते. शोधाची रणनीती, टीममधल्या सर्वांची नावे व संस्था, निधीचा स्रोत आणि हितसंबंधांची माहितीही लागेल. काम प्रकाशित अभ्यासांवर असल्याने रुग्णांची संमतीपत्रे लागत नाहीत.

अर्ज: याच विषयावर कुणी आधी नोंदणी केली आहे का, हे प्रथम शोधा. मग खाते उघडून फॉर्म इंग्रजीत भरा. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता, हे नेमके लिहा. परिणामाच्या रकान्याला सर्वाधिक वेळ द्या. ‘सुरक्षितता वाढली’ एवढ्याने भागत नाही. मृत्यू मोजणार असाल तर रुग्णालयातले की शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतले? संसर्ग मोजणार असाल तर कोणत्या व्याख्येने?

नोंदणी झाली की क्रमांक मिळतो. तो शोधनिबंधात द्या. पुढे बदल करता येतात, पण जुनी आवृत्तीही सर्वांना दिसत राहते, म्हणून प्रत्येक बदलाचे कारण लिहा. हा क्रमांक म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. प्रॉस्पेरो तुमच्या पद्धतीचे तज्ज्ञ-परीक्षण करत नाही. ते सहकाऱ्यांकडून आधीच करून घ्या.