आयनोड संपले की फोल्डरची मर्यादा लागली?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. ते जरा इकडे-तिकडे सरकलं असतं तर श्रीवर्धनला, हर्णेला, दाभोळला पाणी किती चढलं असतं? समजा, हे बघायला तुम्ही क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, ४०,००० जॉब (गणिताची कामं) टाकलेत आणि प्रत्येकाला वेगळं फोल्डर दिलंत. मध्येच नवीन फोल्डर बनेनासं होतं. डिस्क मात्र अर्धी रिकामी! दुखणी दोन असू शकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर आजार बळावतो.

एक, लिंकची मर्यादा. लिंक म्हणजे त्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद. प्रत्येक उपफोल्डरात '..' ही नोंद असते, तिच्यामुळे वरच्या फोल्डरची लिंक एकाने वाढते. ईएक्सटी-३ या लिनक्सच्या जुन्या फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीत) लिंक फार तर ३२,०००. दोन त्या फोल्डरच्या स्वतःच्या, म्हणून उपफोल्डरं ३१,९९८. साध्या फायली यात धरतच नाहीत. एरर येते 'टू मेनी लिंक्स'. वरच्या फोल्डरवर 'एलएस -एलडी' ही कमांड देऊन दुसरा रकाना बघा, ३२,००० दिसलं की निदान पक्कं. ईएक्सटी-४ ने ही कटकट मिटवली, पण जुने सर्व्हर निवृत्त होतात कुठे!

दोन, आयनोड संपणं. आयनोड म्हणजे डिस्कवरची माहितीची नोंद; प्रत्येक फाइलीला आणि फोल्डरला एक लागते. एरर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणून लोक जुन्या मोठ्या फायली उडवत बसतात आणि फरक शून्य. ईएक्सटी-३ आणि ४ मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारणतः दर १६ किलोबाइटला एक. बारीकसारीक लॉग फायलींचा ढीग झाला की जागेआधी आयनोड संपतात. 'डीएफ -आय' मध्ये १०० टक्के दिसेल.

पहिल्यावर उतारा म्हणजे फोल्डरांची विभागणी. क्लस्टरवर जॉब वाटणारं सॉफ्टवेअर, स्लर्म, स्वतः तेच करतं: जॉब क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार बॅच स्क्रिप्ट (जॉबच्या सूचनांची फाइल) 'हॅश.०' ते 'हॅश.९' अशा दहा फोल्डरांत वाटून ठेवतं. तुम्ही टास्क क्रमांकाला (जॉबच्या १ ते ४०,००० मधल्या क्रमांकाला) १,००० ने भागून, येईल त्या पूर्णांकाच्या फोल्डरात निकाल टाका. ४०,००० जॉब जेमतेम ४१ फोल्डरांत बसतात.

दुसऱ्यावर मात्र ही विभागणी नको, कारण प्रत्येक नवं फोल्डर आणखी एक आयनोड खातं. तिथे जॉबने आपल्या नोडच्या (तो चालतो त्या संगणकाच्या) स्थानिक डिस्कवरच काम करावं, शेवटी सगळ्याचं एक टार (अनेक फायलींची मिळून एक फाइल) करून तेवढंच सामायिक डिस्कवर आणावं. आधीच साठलेल्या फायलींचंही टार करा, उघडून तपासा आणि मगच मूळ फायली काढा. त्या काढल्याशिवाय एकही आयनोड मोकळा होत नाही.